कराव्याच्या पुतळाबाईचं बोलावणं

पुतळाबाईशी पहिल्यांदा बोलणाऱ्याला वाटायचं, बाई भांडायला आली. भांडायला नसायची आली, "जेवलास काय?" एवढंच विचारायची. पण आवाज असा, की नवी मुंबईतल्या आमच्या कराव्यात देवळापाशी उभी राहून तिनं सुनेला हाक मारली की समोरच्या टॉवरमधल्या बायका गॅसवरचं दूध सोडून गॅलरीत यायच्या. कोणी म्हणालंच, "मावशी, जरा हळू बोला," तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "हलू बोलाला मी काय चोरी केलीय?"

ही पुतळाबाई धवलारीन. सीवूडला नव्यानं राहायला आलेल्यांना हा शब्द ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. आमच्याकडच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मागाहून. त्याच्या आधी, मांडव घातल्यापासून, सगळी सूत्रं धवलारणीच्या हातात. मांडवाला उंबराची फांदी बांधायची ती तिच्या गाण्यावर, हळद दळायची आणि लावायची तीही तिच्या गाण्यावर. ती गाते तो धवला. धवला झाला नाही तर जुन्या माणसांच्या लेखी लग्न लागलंच नाही, मग तुम्ही ते रिसॉर्टवर करा नाहीतर कोर्टात सह्या करा.

पुतळाबाईला धवले शिकवले तिच्या सासूनं, सुंदराबाईनं. मिठागरावर मीठ ओढता ओढता शिकवले, चुकलं की फावड्याच्या दांड्यानं ढोसून शिकवले. सुंदराबाईची एक रीत होती. धवला सुरू करायच्या आधी गाणारणीनं आपलं नाव सांगायचं. कोण मी, कुठली, कोणाची. "देव काय रिकामे बसलेत? कोन हाक मारतंय ते त्यांना कलायला नको?" असं ती म्हणायची. म्हणून पुतळाबाई मांडवात उभी राहिली की कानावर हात ठेवून आधी म्हणायची, "मी कराव्याची पुतळा, तुळशीरामाची अस्तुरी, मी बोलवतंय." मग गावदेवीला बोलवायची, खाडीतल्या देवांना बोलवायची, नवऱ्यामुलीच्या मेलेल्या आजा-पणजांना बोलवायची, आजूबाजूच्या सगळ्या गावांना नावानिशी बोलवायची. हे सगळे येऊन बसले, की मगच हळदीला हात.

नवरा तुळशीराम जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा कमळाकर गेला तो काविळीनं, चांगला हाताशी आलेला असताना. उरली सून भावना, ती मासळी बाजारात बसते, आणि दोन नातवंडं, धनेश आणि मिताली. ह्या चौघांचं घर भावनाच्या पाटीवर आणि पुतळाबाईच्या गळ्यावर चालायचं. पण पुतळाबाईला विचाराल तर गळा हा पोटासाठी नव्हताच. तिच्या मते गावात जेवढे संसार धड चाललेत तेवढे तिनंच लावून दिलेत. आणि जे मोडले, त्यांच्या लग्नात डीजे लावला होता!

मितालीनंच पहिल्यांदा आजीचा धवला मोबाईलवर घेतला आणि इन्स्टावर टाकला. वाईट हेतू कसला त्यात? पोरीला आजीचं कौतुक. पण तो आवाज असा काही उचलला गेला की विचारू नका. घणसोलीपासून पनवेलपर्यंत कोणाच्या घरी हळद असो, होडीची पूजा असो, बारसं असो, नवी गाडी घेतलेली असो, व्हिडिओच्या मागे पुतळाबाई. लोक तिचे दुसरे धवलेही रेकॉर्ड करू लागले, टाकू लागले. पोरं क्रिकेटचा सामना जिंकली तरी मागे "मी कराव्याची पुतळा." आमच्या लोकांची ही खोडच आहे, घरात काही चांगलं घडलं की धवलारीन हवी. पुतळाबाई दुपारी पायरीवर बसून नातीकडून सगळं ऐकायची आणि खूश व्हायची. "बग, मी घरान बसलंय आनि सगल्यांच्या मांडवान हाय."

मग बंदरावर पत्रे ठोकले गेले. होड्या लागायच्या जागेवर काहीतरी मोठं बांधकाम येणार म्हणून एका कंपनीनं रातोरात कुंपण घातलं आणि होड्या आत अडकल्या. पोरं चिडली. बंद बंदराचे, ओरडणाऱ्या बायकांचे, पत्र्याला लाथा घालणाऱ्या पोरांचे व्हिडिओ निघाले. आणि मागे आवाज कोणाचा? पुतळाबाईचा. दुसरा कोणाचा लावणार? आपला आवाज म्हणजे तोच. दुसऱ्या गावांतही असंच काही ना काही चाललेलं होतं, त्यांनीही तोच लावला. एका गावात तर कोणीतरी खोदकामाचं मशीन पेटवून दिलं. त्या आगीच्या व्हिडिओमागेही आमची ही म्हातारी शांतपणे देवांना बोलवत होती.

हे पुतळाबाईच्या गावीही नव्हतं. तिचं सगळं लक्ष त्या वेळी धनेशकडे लागलेलं. पोरगा कॉलेज करून बाईकवर लोकांची पार्सलं वाहत फिरायचा. बापाची होडी पत्र्याआड चिखलात कुजत होती, तिच्याकडे परत जाण्यात काही राम नव्हता. अशात त्याला नव्या विमानतळावर नोकरी लागली, सामानाची गाडी चालवायची. परीक्षा झाली, मेडिकल झालं, मापाचा युनिफॉर्मसुद्धा शिवून झाला. फक्त पोलीस व्हेरिफिकेशन बाकी होतं. भावनानं देवीला नारळ बोलून ठेवला, आणि पुतळाबाईनं बाजारात जाऊन सांगून टाकलं, "माजा नातू इमान चालवतो." चालवतो ती ट्रॉली, पण आजीला कोण समजावणार?

त्याच्याबरोबर लागलेल्या पोरांचे कागद आले, ती कामावर हजरही झाली. धनेशचा आला नाही. हेलपाटे घालून घालून शेवटी एका कारकुनानं दबक्या आवाजात सांगितलं, "तुझ्यावर काही नाही रे. तुझ्या घरातलं एक माणूस नजरेखाली आहे." धनेशला वाटलं, गंमत करतोय. घरात माणसं कोण, तर मासळी विकणारी आई, कॉलेजातली बहीण आणि आजी.

दोन दिवसांत फोन आला. पुतळाबाईला घेऊन या.

ती कचेरी बेलापूरच्या बाजूला, काचेच्या इमारतीत. खात्याचं नाव लांबलचक. पुतळाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून गेली. तिला वाटलं, कुठल्या साहेबाच्या मुलीचं लग्न असेल. समोर बसले होते सुधीर साहेब, पस्तिशीचे, चष्मा लावणारे, बोलायला अगदी मऊ. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे फिरवला.

"आजी, हा आवाज तुमचा का?"

"तर काय! माजाच. ह्यो तलवलीचा मांडव. पोरीला ताप भरलेला, तरी हलदीला बसली गुनाची."

"आणि हा?"

"ह्यो सानपाड्याचा. नवऱ्याचा काका दारू पिऊन आडवा झालेला, त्याला मीच हाकलला."

साहेब एकेक व्हिडिओ लावत गेले आणि ती एकेक लग्न ओळखत गेली. पडद्यावर चित्र पत्र्यांचं, मोर्च्याचं, पोलिसांच्या गाडीचं, पण तिचं तिकडे ध्यानच नव्हतं, ती आपला आवाज ऐकत होती. धनेशनं टेबलाखालून तिच्या मांडीला चिमटा काढला. "चिमटे कनाला काढतंस रं?" ती मोठ्यानं म्हणाली. धनेशला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

शेवटी साहेबांनी पेटलेल्या मशीनचा व्हिडिओ लावला. "आणि हा, आजी?"

तिनं आता कुठे चित्राकडे बघितलं. "ही आग कनाची ते मना नाय माहीत. पन आवाज माजा. मी नाय कनाला बोलू?"

सुधीर साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आजी, तुम्ही हे सगळं माझ्यासमोर कबूल केलंत. आता मला ते लिहावं लागणार."

मग त्यांनी सांगितलं. सरकारनं एक यंत्रणा बसवलीय. लोक फेसबुकवर, इन्स्टावर, यूट्यूबवर काय टाकतात ते आता माणसं बघत बसत नाहीत, एआय बघतं. चेहरे जुळवतं, आवाज जुळवतं, कोणाचे धागेदोरे कोणापर्यंत जातात ते काढतं. एवढ्या गावांच्या एवढ्या भडकलेल्या व्हिडिओंत त्याला एकच आवाज सापडला. आणि तो आवाज दर वेळी आपलं नाव सांगतो, गाव सांगतो, आणि सगळ्यांना या म्हणतो. यंत्रणेनं हिशेब केला, की ह्या सगळ्यांच्या मागे एकच बाई आहे. तिच्या नावापुढे लाल रंग लागला, आणि घरातल्या सगळ्यांच्या नावाला तो आपोआप चिकटला.

"पन त्यो धवला हाय, बाबा. लग्नाचा."

"मला कळतंय आजी. मशीनला नाही कळत."

"मग मानसाला इचारा."

"माणसं कमी पडतात, म्हणूनच मशीन आणलं ना."

"तुमी मानूस हाव ना? तुमी पुसा त्यो लाल रंग."

साहेबांनी पडदा परत स्वतःकडे फिरवून घेतला. रंग लावायची सोय त्यांच्याकडे नव्हती, तशी पुसायचीही नव्हती. शेवटी म्हणाले, "आधी नाही म्हणाला असतात तर काहीतरी करता आलं असतं." परत येताना रिक्षात पुतळाबाईनं केसांतली अबोली काढून हातात धरून ठेवली होती.

गावात बातमी पसरायला कितीसा वेळ? ज्यांच्या लग्नाच्या व्हिडिओत तिचा धवला होता त्यांच्यापैकी काहींना चौकशीचे फोन गेले. पुतळाबाईला कसे ओळखता, पैसे दिले का, आणखी कोण कोण येतं. लोक घाबरले. ठरलेली बोलावणी एकेक करून गळाली. कोणी सांगितलं, मुलाकडच्यांना धवला नकोय. कोणी सांगितलं, वेळ कमी आहे. बाजारात भावनाच्या पाटीवरून नेहमीची गिऱ्हाइकं नजर चुकवून पुढे जाऊ लागली. मितालीनं रडत रडत आपले सगळे व्हिडिओ काढून टाकले. पण तिचे काढून काय उपयोग? लोकांनी उतरवून घेतलेले, पुढे पाठवलेले, परत टाकलेले, ते कोण काढणार? पोरगी आजीच्या पायाशी बसून म्हणाली, "मीच केलं गं हे सगळं." पुतळाबाई म्हणाली, "तू कनाला? मी गायले, मी भोगीन." तिला तेव्हा खरंच वाटत होतं, की भोगायचं आहे ते एकटीला.

धनेशला कंपनीनं महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. तोवर कागद आला तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याला. मग सुरू झाली धावपळ. नगरसेवकाकडे गेले, तो बघतो म्हणाला. समाजाच्या पुढाऱ्याकडे गेले, तो म्हणाला, आपण मोर्चा काढू! धनेशनं हात जोडले, म्हणाला, नको, तुमच्या मोर्च्याच्या व्हिडिओला परत आजीचा आवाज लावाल. गावदेवीला कौल लावला, तिनंही धड उत्तर दिलं नाही.

शेवटी वाट दाखवली ती सुचित्रा वकिलीणबाईंनी. बेलापूरच्या कोर्टाबाहेर बसतात, हुशार बाई. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "सोप्पं आहे. लिहून द्या, हा आवाज माझा नाही. कोणीतरी एआय वापरून माझ्यासारखा बनवलाय. माझ्या नावाचा गैरवापर झालाय. आता सगळे हेच सांगतात आणि कोणी खोटं ठरवू शकत नाही. मागचा जबाब म्हातारपणी गोंधळून दिला म्हणू."

धनेशच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तजेला दिसला. पुतळाबाई मात्र खुर्चीतून उठलीच. "नाय," ती म्हणाली. "आवाज माजा हाय."

घरी आल्यावर भावनानं समजावलं, मितालीनं समजावलं. "आई, एक कागद तर आहे. कोण बघणार?" पुतळाबाई पायरीवर बसून होती, तिनं वळूनही बघितलं नाही. "गावदेवीला मी नाव सांगून बोलवलं. लोकांच्या मेलेल्या आयबापांना मी नाव सांगून बोलवलं. ते आले, बसले, त्यांच्या देखत पोरींना हलद लागली. आता मी लिहून देऊ, की बोलवनारी मी नव्हतेच? मग त्या पोरींची लग्नं कोनी लावली?"

तुम्हाआम्हाला हा वेडेपणा वाटेल. तिला वाटत नव्हता. तिच्याजवळ दुसरं होतं काय? शेत सरकारनं घेतलं, मिठागर बुजलं, नवरा गेला, मुलगा गेला. एक आवाज तेवढा तिचा स्वतःचा राहिला होता, आणि तोच नाही म्हण असं सांगत होते.

धनेश भांडला नाही. भांडला असता तर तिला सोपं गेलं असतं, भांडणात तिला कोण हरवणार! तो नुसता भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. पार्सलाचं काम सोडलं, जेवण सोडलं. शिवलेला युनिफॉर्म खिळ्याला टांगलेला, त्याकडे तो बघायचासुद्धा नाही. महिना सरत आला तेव्हा एका दुपारी ती त्याच्या उशाशी जाऊन बसली, केसांतून हात फिरवू लागली. तो तसाच भिंतीशी बोलला.

"आजी, बाबा होते तवा खाडी तरी होती. मना काय हाय सांग ना. होडी हाय काय? शेत हाय काय? एवढा एक दरवाजा उघडलेला."

आणि तो रडायला लागला. चोवीस वर्षांचा बाप्या, दाढीमिशा आलेला, तोंडात उशीची खोळ कोंबून रडत होता, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. कमळाकरही काविळीत असाच भिंतीकडे तोंड करून पडायचा. आपल्या आवाजापायी हा पोरगा मरेल, असं पुतळाबाईला वाटलं.

"ऊठ," ती म्हणाली. "चल, कुटं सही करायची ती करते."

सुचित्राबाईंनी कागद तयार केला. काचेच्या कचेरीत परत तेच सुधीर साहेब. त्यांनी कागद वाचला, पुतळाबाईकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं. त्यांना काय कळायचं ते कळलं. पुतळाबाई काहीतरी बोलणार एवढ्यात त्यांनी घाईनं हात वर केला.

"बोलू नका, आजी. इथे सगळं रेकॉर्ड होतं. तुम्ही बोललात की मशीन लगेच जुळवेल. नुसती सही करा."

तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा पुतळाबाई तोंड मिटून बसली. सही तिला येत होती, मितालीनं शिकवलेली. तिनं ती हळूहळू केली, 'पुतळाबाई' लिहिताना 'ळ' वाकडा गेला. साहेब तिला पोचवायला स्वतः लिफ्टपर्यंत आले. तिथे आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "जुने व्हिडिओ आता बनावट म्हणून नोंदवले जातील. नातवाचं काम होईल. पण एक लक्षात ठेवा. यापुढे तुमच्या आवाजातलं नवीन काही कुठे आलं, तर हा कागद खोटा ठरेल. मग तुमच्यावर केस, आणि नातवाचा विमानतळाचा पासही रद्द. मला काही करता येणार नाही."

"म्हंजी गायचं नाय?"

"मोबाईल नसेल तिथे गा ना, आजी."

बिचाऱ्यानं चांगल्या मनानं सांगितलं. पण मोबाईल नाही असा मांडव आता कुठे उरलाय? पुतळाबाईला हसू आलं, आणि लिफ्टचं दार लागेपर्यंत त्या हसण्याचं रडू झालं.

धनेशचा कागद आठवड्यात आला. पोरगा कामावर जाऊ लागला, गळ्यात कार्ड घालून, सकाळी आजीच्या पाया पडून. भावनानं बोललेला नारळ वाहिला. ह्यात पुतळाबाईला आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. झाला. तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ती बघत राहायची. पण हाक मारायची नाही. मागून "नीट जा रं" म्हणायची तिची सवय, तीही तिनं सोडली. बाजूच्या गॅलरीत कोण मोबाईल धरून उभं असेल, काय सांगावं? टॉवरमधल्या बायकांना बरं वाटलं असेल. मावशी हळू बोलायला लागल्या.

कागदाची गोष्ट गावात फुटली, ती कशी फुटायची तशी फुटली. ग्रुपवर फिरलं, की पुतळाबाईनं लिहून दिलंय, आवाज तिचा नाही, मशीनचा आहे. दुसऱ्या आळीतली नमिता एका सकाळी कडेवर तान्हं घेऊन आली. दोन वर्षांमागे तिच्या हळदीला पुतळाबाईनं धवला गायला होता. दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी येईना.

"आजी, माझी सासू काय बोलते ऐकलंस? बोलते, तुझ्या लग्नान मशीन गायली, तुझं लगीन कसलं? माझ्या मांडवान तू होतीस ना गो? मी डोळ्यांनी बघितली तुला."

पुतळाबाई तिच्या जवळ गेली, तोंड तिच्या कानाशी नेलं. "मीच हुते," ती पुटपुटली.

"मग असं हळू कशाला बोलतेस? सासूला येऊन सांग ना. सगळ्यांसमोर सांग."

पुतळाबाईनं नुसता लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. मग नमितानं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि "कळलं" म्हणून निघून गेली. त्या दिवशी पुतळाबाई जेवली नाही, आणि का नाही जेवलीस हे घरात कोणी विचारलं नाही.

मितालीचं लग्न ह्या सगळ्याच्या आधीच ठरलेलं. मुलगा तळवलीचा, माणसं चांगली. मिताली लहान असल्यापासून आजी तिला सांगायची, तुझ्या हळदीला असा धवला गाईन की खाडीचं पानी उलटं फिरल. मांडव घातला, उंबराची फांदी आली, आणि घरात तो विषय कोणीच काढीना. दुसरी धवलारीन शोधली, वाशीपुढच्या गावातली एक होती, तिनं पुतळाबाईचं नाव ऐकून हात जोडले. धनेशनं सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत जमा करायचं काढलं. पण पाहुण्यांना कोण सांगणार? व्हिडिओवाले आलेले, आकाशात ड्रोन फिरत होतं, मुलाकडच्या पोरी आल्या त्याच मोबाईल पुढे धरून.

हळदीची वेळ झाली. मिताली पाटावर बसली. बायका वाटी घेऊन उभ्या, सगळ्यांचे डोळे पुतळाबाईकडे. भावना सासूच्या कानाशी लागली, "आई, आवाज नका काढू. नुसते ओठ हलवा." पुतळाबाई पुढे आली, सवयीनं कानावर हात गेला. तोंड उघडलं, आणि मिटलं. देवांना फसवायचं तिला जमेना.

मुलाकडची एक म्हातारी कुजबुजली, "धवला नाय?" तेव्हा धनेशच स्पीकरवाल्याकडे गेला. "जुनं लाव," तो म्हणाला. "आजीचं जुनं. ते चालतं. ते मशीनचं हाय म्हणून लिहून झालंय."

त्यानं हे दुष्टाव्यानं नाही केलं. बहिणीचं लग्न धवल्याविना होऊ नये म्हणून केलं. स्पीकर खरखरला, आणि पुतळाबाईचा आवाज सगळ्या आळीवर पसरला, भरलेला, तापलेला, कोणाला न भिणारा. बायकांच्या अंगावर काटा आला. मुलाकडची म्हातारी डोळे पुसू लागली. पुतळाबाईनं हळदीत बोटं बुडवली आणि नातीच्या गालाला लावली.

मितालीनं मान वर केली. तिचे डोळे भरलेले होते. "आजी," ती म्हणाली, "हा तुझाच आवाज ना गो?"

व्हिडिओवाला वाकून दोघींच्या तोंडासमोर आला. कॅमेऱ्यावर तांबडा दिवा लागला होता. पुतळाबाईनं त्या दिव्याकडे बघितलं. मग मांडवाच्या खांबापाशी उभ्या असलेल्या धनेशकडे बघितलं. स्पीकरमधून ती देवांना सांगत होती, मी कराव्याची पुतळा, तुळशीरामाची अस्तुरी, मी बोलवतंय.

तिनं नातीसमोर मान हलवून नाही म्हटलं, आणि हळदीचा हात पदराला पुसला.